मोठा फॅमिली टेंट घेताय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

सोलापुरात टेंट पाहिजे म्हणलं की समोरचा पहिलं विचारतो, कार्य कधी हाय? त्याच्या डोळ्यासमोर मंडप, खुर्च्या, आचारी. झोपायचा टेंट ओ, बाहेर फिरायला नेतात तसला, असं सांगितलं की मग म्हणतो ते ऑनलाईन बघा. आम्हीपण ऑनलाईनच बघितला, रात्री जागून व्हिडिओ बघितले, आम्ही ८ जण म्हणून ८ माणसांचा मागवला आणि नोव्हेंबरात करमाळ्याच्या बाजूला उजनी धरणाच्या बॅकवॉटरजवळ मित्राच्या शेतात घेऊन गेलो. आई, बायको, दोन पोरं, ताई, दाजी, भाची आणि मी. रात्री तीन वाजता आठातले चार जण गाडीत सीट मागं टाकून झोपलेले होते, यावरून काय ते समजा.

टेंट वाईट नव्हता हां. बघायला आम्ही चुकलो. ते व्हिडिओ असतात हिरव्यागार लॉनवरचे, माणूस पायानं पेग, म्हणजे टेंटची खुंटी, दाबतो आणि तो लोण्यात सुरी गेल्यासारखा आत जातो. आपल्याकडं काळी माती नाहीतर मुरूम, दिवसा ऊन, पहाटे दव, आणि बरोबर आई जी वाकून आत शिरणार नाही. यातलं काहीच त्या व्हिडिओत नसतं, त्यामुळं दुसऱ्यानं दिलेले स्टार बघून टेंट घेणं ही पहिली चूक, आणि बाकीच्या सगळ्या तिच्याच लेकी.

८ माणसांचा म्हणजे किती जणांचा?

बॉक्सवरचा आकडा म्हणजे खांद्याला खांदा लावून, बॅगा बाहेर ठेवून, कुणी कुस न बदलता झोपले तर किती मावतील तो. आमच्या टेंटचा तळ १४ बाय ९ फूट. ऐकायला केवढा मोठा वाटतो, पण १४ फुटाला ८ नं भागा, माणशी २१ इंच येतात. सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या स्लीपरचा बर्थसुद्धा जवळपास दोन फुटाचा असतो आणि तिथं निदान शेजारी दाजी नसतात. त्यात भिंती आत झुकलेल्या असतील तर कडेला झोपणाऱ्याच्या तोंडाला कापड लागतं, म्हणजे ती जागा कागदावर आहे पण वापरात नाही.

आता मी कुणालाही सांगतो, मागवायच्या आधी गच्चीवर खडूनं तेवढ्या मापाचा चौकोन काढा आणि घरच्यांना त्यात झोपवा. खरंच झोपवा, गाद्या टाकून. आम्ही हे नंतर केलं तेव्हा आई म्हणाली एवढ्याशात मी रात्रीची उठून जाणार कशी, कुणाच्या पोटावर पाय देऊ? हा प्रश्न एकाही रिव्ह्यूत नव्हता. चौकोनातच दरवाजा कुठं येतो तेपण काढा. दोन दरवाजे असले तर फार बरं पडतं, आणि म्हातारं माणूस असेल तर मधली उंची ६ फुटाच्या वर बघा. ढोबळ हिशेब म्हणजे छापील आकड्यातून दोन वजा करा, गाद्या जाड असतील तर तीन. चार जणांच्या घराला ६ चा, आणि आम्हा आठ जणांना खरं तर ६-६ चे दोन टेंट चालले असते, पण सगळे एकत्र झोपू ही हौस माझीच.

गळतंय की घाम फुटलाय?

तर त्या रात्री सगळे अजून आतच होतो तेव्हा आई म्हणाली, अरे गळतंय की रे. बॅटरी मारली तर छताला आतून थेंबच थेंब, आणि बाहेर आभाळ एकदम साफ, चांदण्या. मी टेंटवाल्याला दोन शिव्या घातल्या, पण झालं होतं असं की थंडी लागायला लागली म्हणून दाजींनी खिडक्या, वरची जाळी, खालची हवा यायची फट, सगळं चेनी लावून गच्च बंद केलेलं. आठ जणांच्या श्वासातली वाफ जाणार कुठं, बाहेरून दव पडून थंड झालेल्या कापडाला लागून तिचं पाणी झालं. त्यात आपली सोलापुरी चादर! तिची कड भिंतीला टेकलेली, सुती ती, सगळं पाणी टिपकागदासारखं ओढून घेतलं आणि सकाळी पिळली तर धार लागली.

ओळखायचं कसं ते सांगतो. पाणी सगळीकडं सारखं, कापडाच्या आतल्या बाजूला दहिवरासारखं असेल तर ती वाफ, तिथं सीलंट (शिवणी बुजवायचा चिकट लेप) लावून काही होत नाही, हवा खेळती ठेवावी लागते, खालून एक फट आणि वरून एक फट उघडी, थंडी वाजली तर अंगावर अजून एक चादर घ्या. आणि पाणी एका रेषेत, शिवणीवरून किंवा कोपऱ्यातनं उतरत असेल तर ती गळती. तळाचा कोपरा ओला झाला तर टेंटखाली अंथरलेली ताडपत्री आधी बघा, ती टेंटच्या बाहेर डोकावत असेल तर वरचं पाणी झेलून बरोब्बर तुमच्या पाठीखाली आणून सोडते. ताडपत्री चहुबाजूंनी दोन-तीन इंच आत दुमडलेली पाहिजे. आणि जागा अगदी पाण्याच्या काठाला घेऊ नका, उजनी प्लसमध्ये की मायनसमध्ये (म्हणजे उपयुक्त साठा आहे की संपला) हे आपण पेपरात बघतोच, पाणी वरखाली होत असतं, काठाचा गाळ मऊ असतो, दव जास्त आणि डासही जास्त.

नुसतं वॉटरप्रूफ लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही, आकडा बघा. तो मिलिमीटरमध्ये असतो, म्हणजे कापडावर किती उंच पाण्याचा खांब उभा केला की झिरपायला लागतं ते. वरच्या कापडाला १५०० च्या आसपास असेल तर आपल्या पावसाला पुरतं, तळाला मात्र ३००० किंवा वर पाहिजे कारण बसलं, गुडघा टेकला की तिथं दाब येतो. शिवणीवर आतून टेप चिकटवलेली आहे का तेही बोटानं चाचपा. पाऊस काय हिवाळ्यात येतोय असं म्हणू नका, आपल्याकडं सप्टेंबरात सगळ्यात जास्त पडतो आणि ऑक्टोबरातही दणका देतो.

घरी टेस्ट न करता नेणं

हे सगळ्यात महाग पडलं. बॉक्स आला, बायको म्हणाली उघडून बघ, मी म्हणलं तिथंच उघडू, पोरांना मजा येईल. तिथं अंधारात उघडला तर टेंट ज्यावर उभा राहतो त्यातली एक काडी सांध्यात चिरलेली. परत घ्यायची मुदत तोवर संपलेली, विक्रेत्यानं हात वर केले. त्यामुळं आल्या आल्या गच्चीवर उभा करायचाच. पेग ठोकता येत नाहीत म्हणून अडू नका, पेंटच्या रिकाम्या बादल्यांत वाळू भरा आणि दोऱ्या त्यांना बांधा. मग एक माणूस खडू आणि बॅटरी घेऊन आत, दुसरा वरून पाईपनं वीस मिनिटं पाणी मारणार, थेंब दिसला की तिथं खूण. नळाला रोज पाणी येत नाही हे मलाही माहितीय, पाणी सुटायच्या दिवशी करा आणि खाली टब लावून तेच पाणी झाडांना घाला. शिवणीला सीलंट लावायचं तर कापडाचं कोटिंग कुठलं ते आधी बघा, सिलिकॉनवाल्याला सिलिकॉनचंच लागतं, दुसरं लावलं की पापुद्रा निघून येतो.

चेन लागत नाही म्हणून पुष्कळ जण टेंट परत पाठवतात, चेन बहुतेक वेळा चांगली असते. चारी कोपरे ताणताना दरवाजा उघडा राहिला की तळ वाकडा ताणला जातो आणि मग चेनीची दोन टोकं जुळतच नाहीत. दरवाजे बंद करूनच कोपरे ठोकायचे. तरी अडकली तर मेणबत्ती घासा, आणि चेन लावली तरी मागून उघडत गेली तर सरकणारा तुकडा पक्कडीनं दोन्ही कडेनं अगदी हलका दाबा, जोर केला तर फुटतो.

पेगची गोष्ट

(पेग म्हणलं की आमच्या दाजींचे कान टवकारतात, ते वेगळं.)

बरोबर येणारे तारेचे पेग आपल्या मुरमात तीन हातोड्यांत वाकतात, आमचे २२ पैकी ९ इंग्रजी यू झाले. वाळलेल्या काळ्या मातीत भेगेत घातला तर नुसता हलतो, ओल्या मातीत घातला तर दोरी ओढली की मुळ्यासारखा वर येतो. आम्ही नंतर फॅब्रिकेशनवाल्याकडनं १० एमएमच्या सळईचे दीड दीड फुटाचे तुकडे करून घेतले, एक टोक ग्राइंडरनं टोकदार आणि दुसरं आकड्यासारखं वाकवलेलं. आकड्याला लाल चिंधी बांधा, नाहीतर रात्री पोरं अडखळून पडतात. ठोकताना डोकं टेंटच्या उलट बाजूला कललेलं ठेवा, साधारण ४५ अंशात. ओली माती असेल तर पोत्यात दगड भरून त्याला दोरी बांधा, सळईच्या नादी लागू नका.

सरळ उभ्या भिंतींचा, खोलीसारखा टेंट आत फिरायला मस्त पण वारं शिडासारखं धरतो. संध्याकाळी पान हलत नसलं तरी सगळ्या दोऱ्या ताणूनच झोपा. काड्या फायबरच्या असतील तर खोबणीतनं ढकलत न्या, ओढू नका, ओढलं की आतल्या इलास्टिकवर सांधे सुटतात. आणि चिरलेली फायबर हातमोज्याशिवाय धरू नका, कुसळं जातात बोटात, माझ्या गेली. ॲल्युमिनियम महाग पण हलकं, आणि बहुतेक वेळा तुटायच्या आधी वाकून इशारा देतं. चिरलेल्या सांध्यावर पाईपचा तुकडा चढवून टेप गुंडाळली की रात्र निघते.

उन्हाचं काय सांगायचं, मे महिन्यात ४२-४३ ला टेंट म्हणजे भट्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आपला सीझन. वरचं कापड वेगळं काढता येतं आणि खाली सगळी जाळी राहते असा घ्या, दिवसा जीव वाचतो. पोरांना खेळायला म्हणून उन्हाळाभर गच्चीवर लावून ठेवू नका, उन्हानं कापड कुजतं. थंडी कितीही असो, शेगडी किंवा गॅस आत पेटवायचा नाही, त्यातनं निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. यात तडजोड नाही.

परतल्यावर मी टेंट ओलाच डिकीत ठेवला, दोन दिवसांनी उघडला तर कुबट वास आणि काळे ठिपके. ओला टेंट गरम जागी राहिला की आतलं कोटिंग हळूहळू चिकट होतं आणि मग त्याचं काही करता येत नाही, म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच. सावलीत पूर्ण वाळवून, त्या घट्ट पिशवीत न कोंबता जुन्या गादीच्या खोळीत सैल ठेवा. ठेवताना पेग मोजा. दुसऱ्या खेपेला आम्ही सळईचे १६ नेले आणि १३ आणले, तीन तिकडंच राहिले. मित्राला फोन केला तर म्हणाला, दोन सापडलेत, पण आता देता येत नाहीत, त्यांना शेळ्या बांधल्यात.