आयनीकृत कॅल्शियमचा आकडा खाली घसरत असेल तर
रक्तातील आयनीकृत (म्हणजे कशालाही न बांधलेले, मुक्त) कॅल्शियम आयन-निवडक इलेक्ट्रोडवर (ठराविक आयनच मोजणाऱ्या संवेदकावर) मोजताना तोच नमुना थोड्या वेळाने पुन्हा लावला आणि आकडा घसरला, तर दोष बहुधा इलेक्ट्रोडचा नसून नमुना हवेला उघडा राहिल्याचा असतो. कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने पीएच (आम्ल-अल्कली पातळी) वाढतो आणि अधिक कॅल्शियम अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाला बांधले जाते, त्यामुळे मुक्त कॅल्शियम कमी दिसते. म्हणून नमुना घेताच सिरिंजमधील हवा, अगदी टोकाशी अडकलेला बारीक बुडबुडासुद्धा, बाहेर काढून टोपण घट्ट लावावे, सिरिंज तळहातांमध्ये हलकेच फिरवून रक्त मिसळावे आणि शक्यतो अर्ध्या तासाच्या आत वाचन घ्यावे. त्याच नमुन्याचा पीएचही शेजारी अवश्य नोंदवावा, कारण संशयास्पद आकड्याचा उलगडा बहुतेक वेळा त्या नोंदीवरूनच होतो. सिरिंजमधील हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे द्रव्य) मात्र कॅल्शियम-संतुलितच, म्हणजे नमुन्यातील कॅल्शियम बांधून आकडा न बदलणारे, वापरावे. ईडीटीएची (कॅल्शियमला बांधून रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) नळी या मोजणीसाठी पूर्णपणे वर्ज्य आहे.