सर्फस्केट: आधी जागा बघा, मग ट्रक निवडा

सर्फस्केट उलटा करून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका. वरून तो कुठल्याही स्केटबोर्डसारखाच दिसतो. खरी गंमत खाली, पुढच्या ट्रकमध्ये असते. (ट्रक म्हणजे शिरोली नाक्यावर उभा असलेला नव्हे. डेकखाली, म्हणजे उभं राहायच्या फळीखाली, चाकं धरून ठेवणारा धातूचा जोड, त्याला ट्रक म्हणतात.) मागचा ट्रक बऱ्यापैकी घट्ट असतो. पुढचा मात्र पायाचा भार जरा कलला की भसकन वळतो. त्यामुळं बोर्डाचं नाक डावी-उजवीकडे झुलतं, मागची चाकं खुंट्यासारखी टेकून राहतात आणि जमिनीला पाय न लावता वेग वाढवता येतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये ग्रेग फाल्क आणि नील कार्व्हर यांनी हा प्रकार सुरू केला, तो समुद्राला लाटा नसलेल्या दिवसांसाठी. कोल्हापूरला लाटा कधीच नसतात, त्यामुळं आपल्याला तो बारमाही लागू पडतो. पावसाळा सोडून, पण त्याबद्दल शेवटी.

कोणता ट्रक चांगला, हा प्रश्न लोक उलट्या टोकानं विचारतात. आधी तुम्हाला चालवायला काय मिळणार ते बघा. अपार्टमेंटचं पार्किंग, शाळेचं बास्केटबॉल मैदान, की कॉलनीतला लांबलचक सिमेंटचा रस्ता? उत्तर तिथंच आहे.

ट्रकचे प्रकार आणि पायाखाली काय जाणवतं

पहिला प्रकार स्प्रिंगवाला. कार्व्हर कंपनीचा सी-सेव्हन, स्मूथस्टारचा थ्रस्टर, यॉव (YOW) कंपनीचा मेराकी हे सगळे याच घरातले. यात दोन हालचाली एकावर एक बसवलेल्या असतात. नेहमीचा हँगर, म्हणजे चाकांचा दांडा (अॅक्सल) धरणारा ट्रकचा आडवा भाग, आपल्या बुशांवर, म्हणजे गोल रबरी तुकड्यांवर, कलतो, आणि तो अख्खा हँगर एका वेगळ्या हातावर किंवा जोडावर आडवा झुलतो. या झुलण्याला आत बसवलेली स्प्रिंग मध्यावर परत आणते. पायाखाली हे अगदी स्पष्ट कळतं. भार टाकला की सुरुवातीला जवळजवळ काहीच अडत नाही, नाक लोण्यासारखं निघून जातं, आणि वळणाच्या टोकाशी स्प्रिंग हळूच परत ढकलते. वळण लांब, गोल आणि संथ येतं. जागच्या जागी उभं राहूनही नुसत्या झोकांड्यांवर बोर्ड चालू करता येतो, म्हणून पार्किंगसारख्या आखूड जागेत हा ट्रक खुलतो. याची किंमतही मोजावी लागते. ट्रक उंच असल्यामुळं डेक जमिनीपासून वर जातो. एका पायावर उभं राहून दुसऱ्यानं ढकलायला गेलं की पुढचं टोक पळ काढतं. वजनही जास्त असतं. बोर्ड हातात धरून तीन मजले चढताना ते कळतं.

दुसरा प्रकार बिनस्प्रिंगचा. कार्व्हरचा सी-एक्स हा त्याचा नमुना. यात किंगपिन, म्हणजे ट्रकमधून तिरका जाणारा जाड बोल्ट, लाँगबोर्डसारखा (लांब स्केटबोर्डसारखा) उलट्या बाजूला झुकलेला असतो, पण कोन असा ठेवलेला की थोड्या कलण्यात खूप वळण मिळावं. परत आणायचं काम फक्त बुश करतात. रबर दाबलं की लगेच उसळतं, म्हणून सी-एक्सचं वळण तुटक, चपळ असतं: डावं, उजवं, डावं. स्प्रिंगवाल्यात वळणाच्या टोकाला क्षणभर रेंगाळता येतं. इथं रेंगाळलात तर वेग मेला. मात्र वेग असताना हा जास्त विश्वासाचा आहे, ढकलायला सोपा आहे आणि सुटे भाग कमी असल्यानं कुरकुर कमी. कार्व्हरचाच सी-फाइव्ह याहून बुटका आणि हलका, रॅम्पवर जाणाऱ्यांसाठी. पहिल्या बोर्डाला त्याचा विचार नको.

तिसरा प्रकार अॅडॉप्टरचा. वॉटरबोर्नचा सर्फ अॅडॉप्टर डेक आणि साधा ट्रक यांच्यामध्ये बसतो आणि झुलायचं काम तो करतो. घरात जुना लाँगबोर्ड पडून असेल तर स्वस्तात चव बघता येते. पुढचं टोक उंच होतं, त्यामुळं मागच्या ट्रक आणि डेकमध्ये रायझर, म्हणजे उंची वाढवणारी पट्टी, घालून उंची जुळवावी लागते. नाहीतर उतारावर मागे रेलून उभं असल्यासारखं वाटतं आणि दोन्ही ट्रकचे कोनही बिघडतात.

चौथा, स्वेलटेकसारखा, ज्याचा पुढचा ट्रक खुर्चीच्या चाकासारखा गरागरा फिरतो. भन्नाट आहे, पण उभं राहणंच आठवडाभर शिकावं लागतं. पहिला बोर्ड म्हणून घेऊ नका.

आमचं सरळ मत: जागा तीन-चार मीटर रुंद आणि गुळगुळीत असेल तर स्प्रिंगवाला घ्या. रस्ता लांब आणि मधूनच मोटरसायकल येणारा असेल, किंवा बोर्डावरून कुठं जायचंही असेल, तर सी-एक्सच्या जातीचा. व्हिडिओत सैल ट्रक देखणा दिसतो, कारण तिथं जमीन आरशासारखी असते.

बाकीची मापं. व्हीलबेस, म्हणजे दोन्ही ट्रकच्या आतल्या बोल्टांमधलं अंतर, पाच फुटांच्या आसपास उंची असेल तर १६ इंच, साडेपाच फुटांना १७, पावणेसहाच्या वर १८ किंवा थोडं जास्त. चाकं ६५ ते ७० मिलिमीटरची, कडकपणा ७८ए ते ८२ए (आकडा कमी तितकं चाक मऊ). आपल्याकडच्या रस्त्यांना ७० आणि ७८एच बरं. कडक, छोटं चाक एवढ्याशा खड्यावर जागीच अडतं, बोर्ड थांबतो आणि तुम्ही थांबत नाही. पेव्हर ब्लॉकवर कुठलंही चाक दात खिळखिळे करतं.

पाने, नट आणि उद्यमनगर

सुटे भाग शोधायला कोल्हापूरइतकं सोयीचं गाव नाही, फक्त एक घोळ लक्षात ठेवा. स्केटबोर्डाचे नट इंचात असतात. अॅक्सलच्या नटाला १/२ इंच, किंगपिनच्या नटाला बहुतेक वेळा ९/१६ इंच, डेकच्या बोल्टांना ३/८ इंच पाना. १३ नंबरचा पाना अॅक्सलच्या नटावर चालून जातो. १४ नंबरचा मात्र किंगपिनच्या नटावर बसतच नाही, आणि ३/८ च्या जागी १० नंबर लावला तर नटाचे कोपरे गोल होतात. इंचातल्या तीन गोट्या (सॉकेट पाने) घेऊन ठेवा.

त्याहून मोठी चूक अॅक्सलच्या नटाची. नट हरवला की लोक शिवाजी उद्यमनगरात जाऊन "आठ एमएमचा नट द्या" म्हणतात. अॅक्सल जाडीला आठ मिलिमीटर असतो हे खरं, पण बहुतेक ट्रकवर त्याचे आटे ५/१६ इंच, इंचाला २४, म्हणजे बारीक असतात. साध्या आठच्या नटाचे आटे जाड. तो दोन फेरे जातो, मग अडतो, मग आपण जोर लावतो, आणि अॅक्सलचे आटे गेले. "५/१६ यूएनएफ नायलॉक" (बारीक आट्यांचा, आत नायलॉनचं कडं असलेला नट) असं मागा आणि दुकानातच हातानं फिरवून बघा. नायलॉनच्या कड्यापर्यंत तो बोटांनी सहज गेला पाहिजे. आटे आधीच खराब झाले असतील तर त्याच मापाची डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवून ते नीट करून घेता येतात.

बेअरिंग मात्र सोपं. नंबर ६०८: आतून ८, बाहेरून २२, रुंदी ७ मिलिमीटर. प्रत्येक चाकात दोन, एकूण आठ. धुळीसाठी दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं, म्हणजे २आरएस घ्या.

बोर्ड हातात आला की आधी दिशा तपासा. डेक उजवीकडे दाबला की पुढची चाकं बोर्डाला उजवीकडेच न्यायला हवीत. डावीकडे नेत असतील तर ट्रक उलटा बसलाय. मग चाकं: नट घट्ट करून पाव फेरा मागे, चाक हातानं हलवलं तर अगदी किंचित टक् असा आवाज यावा. मग किंगपिन. बुशावरचा वॉशर बोटांनी फिरायचा थांबेल तिथून सुरुवात करा आणि पुढं एका वेळी अर्धाच फेरा. मागचा ट्रक पुढच्यापेक्षा अर्धा ते एक फेरा जास्त घट्ट ठेवा. दोन्ही सारखे सैल ठेवले तर रेटायला मागे आधारच उरत नाही. शेवटी डेकवर उभे राहून पूर्ण कललात तर चाक डेकला घासतं का बघा. घासत असेल तर पातळ रायझर घाला. वळणात चाक डेकला चिकटलं की बोर्ड तिथंच रुततो.

बुश फुगून बाहेर आलेला दिसतोय, तरी ट्रक सैलच वाटतोय? नट आवळत बसू नका. वजनाच्या मानानं रबर मऊ आहे, एक पायरी कडक बुश घाला. चेचलेला बुश वळण देत नाही, नुसता फाटतो.

उभं राहणं आणि झोका

पहिले दोन दिवस बोर्ड गवतावर किंवा जाड सतरंजीवर ठेवा. पुढचा पाय पुढच्या ट्रकच्या बोल्टांच्या किंचित मागे, बोटं तिरकी पुढं. मागचा पाय मागच्या ट्रकवर, आडवा. कुठला पाय पुढं हे ठरत नसेल तर डोळे मिटून उभे राहा आणि कुणालातरी मागून हलकेच ढकलायला सांगा. सावरायला जो पाय पुढं पडतो, तो पुढचा. पवित्रा आखाड्यातल्यासारखा: गुडघे वाकलेले, बूड खाली, छाती वर. कमरेतून वाकलेला माणूस पडतोच.

सुरुवातीला ढकलताना जास्तीत जास्त दोन ढकला, आणि सगळा भार उभ्या पायाच्या मधोमध. टाचेकडे गेला की पुढचा ट्रक वळतो आणि बोर्ड पायाखालून निसटतो. मग पाय वर घ्या आणि फक्त वळा. क्रम वरून खाली: आधी नजर, मग पुढचा खांदा, मग कंबर, शेवटी गुडघा. पावलाचं काम सगळ्यात शेवटचं.

वेग धरणं, म्हणजे पंपिंग, हे उभ्यानं झोका चढवण्यासारखं आहे. नागपंचमीचा झोका आठवा. टोकाला आपण बसतो आणि खाली येताना पाय रेटत उठतो. बसण्यात जोर नाही, उठण्यात आहे. बोर्डावरही तेच: दोन वळणांच्या मधे, जिथं बोर्ड क्षणभर सरळ असतो, तिथं खाली बसा. वळणात शिरलात आणि पायाखाली दाब जाणवायला लागला की त्या दाबाविरुद्ध उठा, मागच्या टाचेनं किंवा चवड्यानं बाहेर रेटत. दाब नसताना उठलात तर ते नुसतं उठाबशा काढणं झालं.

बहुतेकांचं गाडं अडतं ते इथं. पुढचा पाय घोट्यातून वळवळतो, नाक शेपटीसारखं हलतं, हात हवेत फिरतात आणि बोर्ड तिथल्या तिथं. कारण मागचा पाय झोपलेला असतो. तपासायला सोपा उपाय आहे: हात पाठीमागे बांधा आणि पाच वळणं घ्या. खांदा आणि कंबर फिरल्याशिवाय बोर्ड हलणारच नाही. स्प्रिंगवाल्या ट्रकवर ही चूक जास्त दिवस लपते, कारण वळवळलं तरी तो थोडा पुढं सरकतो. सी-एक्स ती पहिल्याच मिनिटाला उघडी पाडतो.

सरावाला जुन्या चपला ओळीत मांडा. विटा नकोत, चाक आपटलं तर दात जातील. सी-एक्सला दोन-दोन मीटरवर सहा चपला, स्प्रिंगवाल्याला दीड मीटरही पुरतं. न ढकलता शेवटच्या चपलेपर्यंत पोचलात की अंतर बदला. आखूड अंतरात स्प्रिंगवाला सुखात असतो, लांब अंतरात सी-एक्स. ट्रकचा स्वभाव यातून जितका कळतो तितका वाचून कळत नाही.

थांबायला ब्रेक नाही. कमी वेगात मागचा पाय काढून तळवा जमिनीवर सपाट घासा, नाहीतर सरळ उतरून चार पावलं पळा. पळून सावरता येणार नाही एवढा वेग कधी घेऊ नका. जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या रस्त्यावर तर बोर्ड नेऊच नका. थोड्या कलण्यात खूप वळणारा ट्रक उतारावर आपोआप थरथरायला लागतो, आपण सावरायला गेलो की ती थरथर वाढते, आणि हा दोष कुठला नट आवळून जात नाही. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड पहिल्या दिवसापासून. पडताना सगळे हातच टेकतात. रंकाळ्याला जायचं तर फिरायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर. सुटलेला बोर्ड आधी कुणाच्या तरी घोट्यावर जातो.

निगा

जून ते सप्टेंबर बोर्ड भिजवायचा नाही. डेकच्या कडेनं पाणी शिरलं की प्लायचे थर सुटतात आणि बेअरिंग दोन दिवसांत गंजतं. भिजलाच तर चाकं काढून पुसा, बेअरिंगचं रबर सील टाचणीनं उचला, पेट्रोलमध्ये धुवा, पूर्ण वाळू द्या आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोनच थेंब टाका. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. गंज सोडवणारा स्प्रे तेलाच्या जागी मारू नका, तो आतलं वंगणही धुऊन नेतो.

स्प्रिंगवाला ट्रक कुरकुरायला लागला तर झुलणाऱ्या जोडात धूळ गेली आहे. जोड खोला, कोरड्या फडक्यानं पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या. पुढचं चाक धरून वर-खाली हलवल्यावर ठकठक येत असेल तर मात्र ग्रीस भागणार नाही. जोडाचा मुख्य बोल्ट सैल झालाय किंवा आतलं बेअरिंग झिजलंय. आधी बोल्ट आवळा. तरी ठकठक राहिली तर बेअरिंग बदलेपर्यंत बोर्ड भिंतीला टेकून ठेवा.