पॅनेलवर १८० आलं म्हणजे माल वितळला असं नाही: ब्लोन फिल्म लाइनवर नव्याने येणाऱ्यांसाठी

कुणी आयटीआयचा प्लास्टिक प्रोसेसिंग ऑपरेटरचा ट्रेड करून येतं, कुणी सिपेट या केंद्राच्या प्लास्टिक संस्थेचा डिप्लोमा घेऊन, तर कुणाला पॅकिंगमधून उचलून थेट मशीनवर उभं केलेलं असतं. ब्लोन फिल्म लाइन म्हणजे प्लास्टिकचा दाणा वितळवून गोल डायमधून नळी काढायची आणि ती हवेने फुगवून फिल्म करायची मशीन. हॉपर (दाणा भरायचा), स्क्रू (वितळवून पुढे ढकलणारा), डाय, एअर रिंग (बाहेरून हवा मारून निववणारी), निप रोलर (वर नळी दाबून ओढणारे), वाइंडर (रोल गुंडाळणारा) हा क्रम आणि एलडी, एलएल, एचएम या पॉलिथिनच्या तीन प्रकारांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहीत आहे. नवा माणूस सगळ्यात आधी अडकतो तो थंड मशीन सुरू करताना. बाकीच्या चुकांनी वेस्टेज वाढतं, या चुकीने मशीन तुटतं आणि तोंड भाजतं. म्हणून त्यावर जरा जास्तच बोलणार आहे.

मीटरवर दिसतो तो आकडा मालाचा नसतो, लोखंडाचा असतो. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बॅरलच्या, म्हणजे स्क्रू ज्यात फिरतो त्या नळकांड्याच्या, किंवा डायच्या धातूत खोचलेलं असतं आणि हीटरची पट्टी त्याच्या शेजारीच आवळलेली असते. साहजिकच ते सेटिंग लवकर गाठतं. माल मात्र आत असतो: बॅरल आणि डाय जोडणाऱ्या अडॅप्टरच्या नळीत, माल गाळणाऱ्या जाळीला आधार देणाऱ्या ब्रेकर प्लेटच्या भोकांत, डायच्या मँड्रेलवरच्या (मधल्या गाभ्यावरच्या) सर्पिल खाचांत. पॉलिथिन उष्णता स्टीलच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही पुढे नेत नाही. त्यात मँड्रेलला बहुतेक लहान लाइनींवर स्वतःचा हीटर नसतो, बाहेरून झिरपेल तेवढ्यावरच त्याचं भागतं. त्यामुळे पॅनेलवर सगळे झोन (हीटरचे वेगवेगळे भाग) १८० दाखवत असतात आणि अडॅप्टरच्या मधोमध न वितळलेल्या मालाचं ९०–१०० अंशांचं बूच बसलेलं असू शकतं. एलडी साधारण ११० अंशांना वितळतो, एलएल १२०–१२५ ला, एचएम १३० च्या आसपास. म्हणजे जे बूच एलडीच्या बाबतीत जेमतेम मऊ झालेलं असेल, ते एचएमच्या बाबतीत दगड असतं.

आता स्क्रू फिरवला तर काय होईल? मागचा वितळलेला माल पुढच्या बुचावर चढतो आणि प्रेशर वाढत जातं. नशीब चांगलं असेल तर ड्राइव्ह ओव्हरलोड दाखवून ट्रिप होतो. नसेल तर अडॅप्टरच्या क्लॅम्पचे बोल्ट ताणले जातात, ब्रेकर प्लेटच्या कडेने माल फुटतो किंवा स्क्रूच पिळून तुटतो. सगळ्यात वाईट म्हणजे बूच अचानक सुटतं आणि मागे कोंडलेला वायू न् गरम माल डायमधून उसळतो. आपल्या डायचं तोंड वर असतं, आणि ‘माल आला का’ हे बघायला नवा मुलगा नेमका तिच्यावरच वाकतो. वाकू नका. बाजूला उभं राहून, चेहऱ्यावर फेस शील्ड लावून बघा. माल सलग आणि बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत डायच्या वर कुणाचंही डोकं, हात, मोबाइल काहीही जाता कामा नये.

सुरू करायची रीत अशी. हीटर लावायच्या आधी फीड थ्रोटचं पाणी चालू करा, नाहीतर हॉपरखाली दाणा चिकटून कमान धरतो आणि स्क्रू उपाशी फिरतो. डाय आणि अडॅप्टरचे हीटर बॅरलच्या आधी लावा, कारण तिथलं लोखंड जड. पहिला टप्पा ११०–१२० अंशांवर अर्धा तास, मग सेटिंगवर: एलडीला साधारण १५०–१८०, एलएलला १८०–२१०, एचएमला १९०–२२०. सगळे झोन सेटिंगला पोचले, की खरं थांबणं तिथून सुरू होतं. १०० मिमीच्या डायला किमान पाऊण तास, २०० मिमी किंवा मोठ्या डायला दीड तास आणि वर. मशीनच्या पुस्तकात जास्त वेळ दिला असेल तर तो धरा. घड्याळ शेवटचा झोन सेटिंगला पोचल्यापासून लावायचं, स्विच टाकल्यापासून नाही. अर्धं जग इथेच चुकतं.

मग स्क्रू ५ ते ८ आरपीएमवर ठेवा, हॉपरची झडप किंचित उघडा आणि डोळे दोनच गोष्टींवर ठेवा: अँपिअर आणि मेल्ट प्रेशर. तुमच्या लाइनवर चालू मालाला हे आकडे किती असतात ते वहीत लिहिलेलं हवं, दुसऱ्याच्या मशीनचे आकडे कामाचे नाहीत. अँपिअर चढतायत, प्रेशर चढतंय आणि डायमधून काहीच येत नाही, तर लगेच बंद करून आणखी अर्धा तास थांबा. ‘थोडं जोर देऊन बघू’ म्हणणारा माणूस शेजारी असेल तर त्याला चहाला पाठवा.

हेच सगळं लाइट गेल्यावर लागू होतं, आणि तिथे तर लोक हमखास फसतात. पावसाळ्यात एमआयडीसीत पंधरा-वीस मिनिटं वीज जाणं नवीन नाही. बबल (फुगवलेली नळी) बसतो, डाय बाहेरून निवते. वीज आली की मीटर झरझर वर चढतो, कारण लोखंड अजून कोमट असतं, आणि सगळ्यांना वाटतं मशीन तयार आहे. अडॅप्टरचा मधला भाग मात्र मागेच राहिलेला असतो. अर्ध्या तासाच्या खंडानंतरही किमान वीस-पंचवीस मिनिटं भिजू द्या, म्हणजे सेटिंगवर नुसतं थांबून उष्णता आतपर्यंत मुरू द्या. उलट बाजूही लक्षात ठेवा: वीज आहे पण बबल बंद ठेवून तासन् तास पूर्ण तापमानावर माल शिजवत ठेवला, तर तो करपतो आणि पुढच्या रोलमध्ये जेल (कडक कण), काळे ठिपके येत राहतात. थांबा लांबणार असेल तर सेटिंग १३०–१४० पर्यंत उतरवा आणि परत चढवल्यावर भिजवायचा वेळ पुन्हा मोजा.

मीटर आणखी दोन प्रकारे फसवतो. थर्मोकपल खाचेतून ढिलं होऊन बाहेर आलं की ते कमी दाखवतं, कंट्रोलर हीटर चालूच ठेवतो आणि आत माल जळतो. धूर, वास, पिवळट माल दिसला आणि आकडा मात्र नेहमीसारखाच असला, तर आधी थर्मोकपल चाचपा. दुसरं, एका झोनमधल्या दोन पट्ट्यांपैकी एक जळाली तरी दुसरी कशीबशी आकडा धरून ठेवते. फिल्म मात्र एकाच बाजूला बिघडत राहते आणि लोक दोन दिवस डायचे बोल्ट फिरवत बसतात. वायरमनकडून क्लॅम्प मीटरने प्रत्येक हीटरचा करंट मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

उस्तादांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. रेसिपी लपवणारा मिस्त्री तितका धोक्याचा नाही. रेसिपी आज ना उद्या कळते, मास्टरबॅचच्या (रंग वगैरे घालायच्या दाण्याच्या) रिकाम्या पिशव्या मोजल्या तरी कळते. धोक्याचा तो, जो ‘माझ्या हाताला कळतं’ म्हणून लिमिट स्विचला (धोका असताना मशीन आपोआप थांबवणाऱ्या) तार बांधून ठेवतो. शिकायचं असेल तर जाळी आणि डाय खोलून स्वतः साफ करणाऱ्याच्या मागे राहा, मग त्याचं बोलणं कितीही खरखरीत असो. अँपिअर जास्त येतात म्हणून डोळे झाकून सगळे झोन वीस अंशांनी वाढवणारा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही. बबल ढिला होतो, फ्रॉस्ट लाइन (वितळलेला माल आळून घट्ट होतो ती रेघ) वर पळते, आणि मूळ दोष, म्हणजे बहुतेक वेळा तुंबलेली जाळी, तसाच राहतो.

जाळी बदलताना मशीन बंद, स्क्रू बंद आणि प्रेशर शून्य हे तिन्ही हवं. क्लॅम्पचे बोल्ट एकदम मोकळे करू नका. आळीपाळीने थोडे थोडे सोडा आणि जोडाच्या समोर उभे राहू नका. रिप्रोचा (जुनं प्लास्टिक पुन्हा वितळवून केलेला) दाणा जास्त असेल तर जाळी पाळीत दोनदाही बदलावी लागेल, त्यात कमीपणा काही नाही. डायचे ओठ साफ करायला पितळी पट्टीच वापरा. स्टीलच्या पट्टीने पडलेला एक ओरखडा डाय पॉलिश होईपर्यंत फिल्मवर रेघ मारत राहतो.

बबल उचलणं हे दोघांचं काम. एक डायपाशी, एक वर निपपाशी, आणि बटणाला हात एकाचाच. इशारे आधी ठरवा, ब्लोअरच्या आवाजात ओरडणं ऐकू येत नाही. गरम ट्यूब हातमोज्यांनी गोळा करून निपमधून आधीच ओवलेल्या दोरीला बांधायची, हळू गतीने वर न्यायची, निप बंद झाल्यावरच हवा भरायची. दोरी हाताला कधीही गुंडाळू नका. निपवर फिल्म लपेटली गेली तर लाइन थांबवून, निप उघडून मगच कापा. चालू निपवर ब्लेड लावणारे लोक आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींची बोटं पूर्ण नाहीत. पाळी सुरू होताना इमर्जन्सी स्विच आणि निपची ओढदोरी एकदा दाबून-ओढून बघायची. कपडे सुती, बाह्या पूर्ण. टेरिकॉट अंगावर वितळतं. कडं, अंगठी, गळ्यातला टॉवेल लॉकरमध्ये. गरम माल कातडीला चिकटलाच तर ओढून काढू नका. वीस मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धरा आणि चिकटलेल्या मालासकट दवाखाना गाठा.

इतकं वाचून धडधडायला लागलं असेल तर थोडा धीर धरा. लाइन एकदा चालली की ती बऱ्यापैकी समजूतदार असते, आणि गेज मारणं, म्हणजे फिल्मची जाडी सगळीकडे सारखी करणं, वाटतं तितकं जादूचं काम नाही. ट्यूबची आडवी पट्टी कापा, डायवरच्या एका खुणेशी ती जुळवा, दर दोन इंचांवर मायक्रोमीटर लावा. एका बाजूला जाड येतं? बोल्टकडे धावू नका. आधी बघा: उघडं दार, उभा पंखा, एअर रिंग डायच्या मधोमध आणि पातळीत आहे का, एखादी होज दबली आहे का. जिथे हवा जास्त लागते तिथे माल लवकर आळतो, कमी ताणला जातो आणि जाड राहतो. म्हणजे पंख्याच्या बाजूला फिल्म पातळ नाही, जाड निघते. हे उलटं वाटतं म्हणून नव्याचा घोटाळा होतो. हे सगळं ठीक असेल तरच बोल्ट: डाय गरम असताना, समोरचा बोल्ट आधी ढिला, मग जाड बाजूचा किंचित आवळा, पाव फेऱ्याहूनही कमी. नवी फिल्म खाली येईपर्यंत थांबा, पुन्हा मोजा. एका वेळी एकच बदल.

दोन हिशेब मात्र तोंडपाठ हवेत. ब्लो-अप रेशो, म्हणजे बबल डायच्या किती पट फुगला, तो ०.६३७ गुणिले लेफ्लॅट (चपट्या ट्यूबची रुंदी) भागिले डायचा व्यास. १५० मिमी डायवर ५०० मिमी ट्यूब म्हणजे २.१. एलडीला २ ते ३ सोयीचं, एचएमला ४ च्या पुढे आणि तेही लांब मान ठेवून, म्हणजे बबल डायवर बरंच अंतर अरुंद ठेवून मग फुगवून. दुसरा हिशेब वजनाचा: एका मीटरचे ग्रॅम म्हणजे २ गुणिले रुंदी मीटरमध्ये, गुणिले मायक्रॉन, गुणिले ०.९२. ५०० मिमी, ४० मायक्रॉन म्हणजे ३६.८ ग्रॅम. लाइन तासाला ४५ किलो देत असेल तर निपचा वेग मिनिटाला साधारण २० मीटर यायला हवा. तो २३ वर पळत असेल तर गिऱ्हाइकाला ३५ मायक्रॉनचाच माल चालला आहे, मायक्रोमीटर काहीही म्हणो. मल्चिंगची २५–३० मायक्रॉनची फिल्म असो की दुधाच्या पिशवीची, वजनावरून येणारा मायक्रॉन खोटं बोलत नाही. छपाईच्या मालाला कोरोना ट्रीटमेंट (शाई धरावी म्हणून फिल्मवर केलेला विजेचा मारा) ३८ डाइनच्या खाली सोडू नका. रोल ठेवल्यावर ती उतरते, म्हणून पाठवायच्या दिवशी डाइन पेनाने परत तपासा.

बंद करताना हॉपरची झडप लावा, एचएम चालू असेल तर एलडीने धुवून काढा, स्क्रू रिकामा होत आला की थांबवा, पण कोरडा फिरवू नका. फीड थ्रोटचं पाणी बॅरल निवेपर्यंत चालू ठेवा. आणि पुढच्या पाळीच्या वहीत तीन ओळी लिहा: शेवटचा माल कोणता होता, जाळी कधी बदलली, हीटर किती वाजता बंद केले. सकाळच्या माणसाने किती वेळ भिजवायचं हे त्या तिसऱ्या ओळीवर ठरतं.