३१ डिसेंबरच्या आत कापसाची पऱ्हाटी उपटा, आणि घरामागच्या ढिगाचंही बघा

डिसेंबर लागला की जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालच्या गावांतून एकच फोन येतो. "साहेब, पाणी सुटलंय. पऱ्हाटीला एक पाणी अन् युरियाची एक गोणी टाकली तर अजून दोन वेचण्या निघतील ना?"

निघतील. पण किडक्या, डागाळलेल्या कवडी कापसाच्या निघतील. वेचायला बाई मिळणार नाही, मिळाली तर किलोमागे मागेल ती मजुरी द्यावी लागेल आणि व्यापारी मूठभर कापूस उघडून नाक मुरडेल. हा तोटा तरी तुमच्या एकट्याचा. पण फरदडीत, म्हणजे असं पाणी-खत देऊन लांबवलेल्या पिकात, पोसलेली गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात बांध ओलांडून शेजाऱ्याकडे जाते, त्याचं काय?

२०१७ साल मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही. बीजी-२ ला (अळी मारणाऱ्या बीटी बियाण्याला) अळी येत नाही म्हणून सगळे निर्धास्त होते. बोंडं फोडली तर आत अळ्या. त्याच वर्षी यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी तेच तेच सांगतोय. ऐकणारे कंटाळले, पण मी काही थांबणार नाही.

ही अळी कुठं लपते ते आधी समजून घ्या. अंड्यातून निघालेली बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि शिरल्याचं छिद्र बुजून जातं. बोंड बाहेरून हिरवंगार, आत सरकी पोखरलेली. म्हणून बोंडात अळी शिरल्यावर वरून काहीही मारा, तिला ते लागत नाही. थंडी वाढली, दिवस लहान झाला की ती दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात झोपी जाते. उमललेल्या कापसात, न फुटलेल्या नख्यांत (वाळक्या बोंडांत), जिनिंगमधल्या सरकीत, मातीत. आणि पऱ्हाट्यांच्या ढिगात.

ढिगाकडे कोणाचंच लक्ष नसतं, म्हणून सांगतो. २०१८ च्या जानेवारीत एका घरामागच्या ढिगातून वीसेक वाळकी बोंडं मी उचलून आणली. लोणच्याच्या काचेच्या बरणीत टाकली, तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधलं आणि फडताळावर ठेवून विसरलो. जूनमध्ये पहिला पाऊस झाला, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी फडक्याला आतून काहीतरी चिकटलेलं दिसलं. मातकट तपकिरी पतंग, करंगळीच्या नखापेक्षा लहान. अकरा मोजले. वीस बोंडांत अकरा, तर बैलगाडीभर ढिगात किती, हा हिशेब तुम्हीच करा. त्या घराचं शेत ढिगापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि मालक मला विचारत होता, "आमच्याच रानात पहिली डोमकळी कशी काय दिसते?" डोमकळी म्हणजे आत अळी असलेलं, न उमललेलं फूल.

या पतंगाला आयुष्य थोडं. बाहेर आल्यावर त्याला कापसाची पाती (कळ्या) आणि फुलं मिळाली नाहीत तर त्याची पुढची पिढी होतच नाही. आपण मात्र त्याची दोन्हीकडून सोय करतो. इकडे फरदड आणि ढीग ठेवून त्याला सांभाळतो, तिकडे ठिबकवर मे महिन्यात लागवड करून फुलं तयार ठेवतो.

एकट्यानं पऱ्हाटी उपटून भागत नाही, कारण पतंगाला सात-बारा कळत नाही. अमेरिकेत ही अळी १९१७ मध्ये टेक्सासमध्ये सापडली आणि २०१८ मध्ये त्यांनी ती कापूस पट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. बीटी होतं, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे कामगंध सापळे होते, विमानातून वांझ पतंगही सोडले. पण ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियात कापसाचं रान मोडायची तारीखच ठरवून दिलेली होती आणि ती सगळ्यांना पाळावी लागे. विमानं आपल्याकडे नाहीत. तारीख ठरवायला काय लागतं? ग्रामसभेत एक ठराव आणि पारावर लावलेला एक कागद. शिवाराला शिव लागलेल्या गावांनी मिळून एकच तारीख धरली तर त्याला अर्थ आहे.

गावानं मिळून करायचं ते असं:

शेवटची वेचणी झाली की रानात मेंढ्या-शेळ्या बसवा. उरलेली हिरवी बोंडं त्या साफ करतात आणि लेंडीखत फुकट पडतं. धनगर याच दिवसांत खाली उतरलेले असतात, पाच-सात शेतकऱ्यांनी मिळून कळप ठरवला तर परवडतं. शेवटच्या फवारणीला तीन आठवडे झाल्याशिवाय मात्र जनावर घालू नका. हा माझा अंदाज, पण जनावर गमावण्यापेक्षा बरा.

मग ट्रॅक्टरच्या चिमट्यानं किंवा हातानं उपटणी. श्रेडर मिळत असेल तर रानातच कुट्टी करा. नंतर खोल नांगरट करून रान उन्हाळाभर तापू द्या.

आता सरपण. एका गावात मी ढीग जाळायला सांगितला तर एक आजी काठी टेकत पुढं आल्या. "बाबा, गॅसची टाकी सरली की चुलीत काय तुझा कागद घालू?" बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून मी ढीग जाळा म्हणत नाही. काड्या ठेवा, पण त्यांवरची बोंडं आणि नख्या झोडपून, खुडून वेगळ्या करा आणि तेवढ्याच जाळा. काड्या एप्रिलअखेर संपतील इतक्याच ठेवा. नुसत्या काडीत धोका कमी, बोंडासकटच्या ढिगात सगळी अळी. ढीग शेताच्या बांधावर तर नकोच.

घरात भाव वाढेल म्हणून कापूस साठवलेला असतो. उन्हाळा लागायच्या आत विका. गावाजवळ जिनिंग असेल तर सरपंचांनी जाऊन मालकाशी बोलावं: आवारात कामगंध सापळे लावा, सरकी पावसाळ्यापर्यंत पडू देऊ नका, कचरा नष्ट करा.

दुकानदाराविषयी दोन शब्द. मागच्या एका हिवाळ्यात तालुक्याच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या पिशवीत मी पाच बाटल्या पाहिल्या. दोन कीटकनाशकं, एक बुरशीनाशक, एक टॉनिक आणि एक 'बोंड फुगवायचं'. वीस डिसेंबरला! सगळं एकाच पंपात कालवून मारायला सांगितलेलं. त्या पैशात त्याची सगळी पऱ्हाटी चिमट्यानं निघाली असती. या महिन्यात कापसासाठी काहीही विकत घेऊ नका. काहीही म्हणजे काहीही.

पुढच्या हंगामाचं आताच वहीत लिहून ठेवा:

– ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावरच लागवड, मे महिन्यात नाही.
– लवकर येणारा वाण, १५०-१६० दिवसांचा.
– ४५ दिवसांनी एकरी २ कामगंध सापळे. पाकिटावर गॉसिप्लुअर किंवा पेक्टिनोल्यूर लिहिलंय का बघा. दुकानदार हरभऱ्यावरच्या घाटेअळीची ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) गळ्यात मारतात.
– सलग ३ रात्री दर सापळ्यात रोज ८ पतंग, किंवा १० टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली, तरच रासायनिक फवारणी.
– त्याआधी ५ टक्के निंबोळी अर्क. पातळी ओलांडली तर प्रोफेनोफॉस ५० ईसी, २० मिली १० लिटर पाण्यात. एकावेळी एकच औषध, तोंडाला फडकं, वाऱ्याच्या दिशेनं.
– डोमकळ्या दिसतील तशा तोडून नष्ट करा. पोरांना आठवड्यातून एक फेरी मारायला लावा, त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते.

बाकीची या पंधरवड्याची कामं:

– हरभरा: एकरी २ कामगंध सापळे, पक्षी थांबे. ओळीच्या मीटरमध्ये १-२ अळ्या दिसल्या तर इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी, ४.४ ग्रॅम १० लिटरला.
– गहू: २१ दिवसांचं पाणी चुकवू नका.
– रब्बी ज्वारी: एकच पाणी असेल तर पोटरीत (कणीस बाहेर पडायच्या आधी) द्या.
– तूर: शेंगा वाळल्या की कापणी, ढग आले तर झाकायला ताडपत्री जवळ ठेवा.
– मोसंबी: आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा) धरायचा असेल तर पाण्याचा ताण, झाडाची तब्येत बघून.

चिमट्याचा ट्रॅक्टर ठरवला नसेल तर उद्या सकाळीच बोला. तालुक्यात ट्रॅक्टर भरपूर असले तरी चिमटे मोजकेच, आणि संक्रांत जवळ आली की ड्रायव्हर कारखान्याच्या उसाला लागतात. चार-पाच जणांनी लागून असलेली रानं एकत्र दिली तर तो ताशी भाव कमी करतो. आमच्या गटानं मागच्या साली तसंच केलं. सगळ्यात आधी शिवेवरचं रान घ्या, मधलं नंतर निघालं तरी चालेल.