विलायतेला गेलेलं जुनं पाकीट घ्यायच्या आधी कसं तपासायचं

जुन्या बाजारात नाहीतर ऑनलाइन लिलावात मुंबईहून लंडनला गेलेलं १९व्या शतकातलं पाकीट दिसलं की लोक आधी तिकीट किती फ्रेश आहे आणि शिक्का किती ठसठशीत उठलाय तेच बघत बसतात. ते बघा, पण नंतर. आधी हिशोब बघा, कारण त्या काळात टपाल कुठल्या बोटीनं जाणार, कुठल्या वाटेनं, किती वजनाला किती आणे, कमी पडले तर कोणी भरायचे, हे सगळं सरकारनं ठरवून दिलेलं होतं, आणि खोटं पाकीट बनवणारा शिक्का हुबेहूब काढतो पण हिशोबात हमखास मार खातो.

पहिली गोष्ट तारीख. १ ऑक्टोबर १८५४ ला हिंदुस्थानभर चालणारी तिकिटं आली. सिंधमध्ये १८५२ ला वेगळी निघाली होती, ती बाजूला ठेवा. म्हणजे मुंबईचं १८४० चं पत्र असेल तर त्यावर हिंदुस्थानी तिकीट असणारच नाही. पैसे रोख भरलेले असतील, नाहीतर नॉटपेड, म्हणजे ज्याला पत्र मिळालं त्यानं भरायचे. पाकीटही बहुतेक नसतंच, एकच कागद घडी घालून लाखेनं बंद केलेला आणि बाहेरच्या बाजूला पत्ता. उघडून बघा, व्यापाऱ्याचं असेल तर आत मोडी किंवा गुजराती सापडण्याचा चान्स असतो, आणि आतली तारीख बाहेरच्या शिक्क्यापेक्षा जास्त भरवशाची.

आगबोटी यायच्या आधीचं पत्र असेल तर ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी पोचायचं. विलायतेचा कायदा मजेशीर होता, खाजगी जहाजाच्या कप्तानानं बंदराला लागल्या लागल्या सगळी पत्रं पोस्टात द्यायची, दर पत्रामागे त्याला २ पेन्स मिळायचे, आणि पत्रं दिल्याशिवाय माल उतरवायची परवानगी नाही. म्हणून अशा पत्रांवर ‘इंडिया लेटर’ आणि खाली बंदराचं नाव असा शिक्का दिसतो, डील, पोर्ट्समथ वगैरे. १८१९ नंतर समुद्राचे ४ पेन्स, ३ औंसापर्यंत, आणि बंदरापासून पुढचं हशील अंतराप्रमाणे वेगळं. शाईनं खरडलेले मोठे आकडे ही त्याचीच बेरीज असते, ती घाण समजून पुसायला जाऊ नका (लोक जातात!).

मग आगबोटी. ‘ह्यू लिंडसे’ ही मुंबईतच बांधलेली बोट २० मार्च १८३० ला मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुवेझला लागली. तिथून पुढे इजिप्त जमिनीवरून पार करून अलेक्झांड्रियाला दुसरी बोट. १८४० च्या दशकात या वाटेनं लंडनला पाच-सहा आठवडे लागायचे, १८९० च्या दशकात पंधरा-सोळा दिवसांवर आलं. आता निघाल्याची आणि पोचल्याची तारीख वजा करून बघा. १८४५ चं पत्र अठरा दिवसांत लंडनला पोचलेलं दाखवत असेल तर दुकानदाराला नमस्कार करून पुढच्या स्टॉलला जा. आणि अजून एक, १८४८ च्या मुंबई-सुवेझ टपालाला विकणारा ‘पी अँड ओ मेल’ (पी अँड ओ ही विलायतेची खाजगी आगबोट कंपनी) म्हणत असेल तर त्याला विचारा कसं काय, कारण ती लाइन १८५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कंपनी सरकारच्याच बोटींकडे होती, पी अँड ओ कलकत्त्याहून चालत होती.

पाकिटाच्या कोपऱ्यात हातानं लिहिलेली वाट असते तीसुद्धा वाचा. ‘व्हाया मार्सेल्स’ म्हणजे लवकर पण महाग, फ्रान्समधून जाण्याचे जादा पैसे, म्हणून त्या पत्रांचा कागद अगदी पातळ, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. ‘व्हाया साउदॅम्प्टन’ म्हणजे पूर्ण समुद्रानं, उशिरा आणि स्वस्त. १८७० ला फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं, मार्सेल्सची वाट बंद झाली आणि टपाल इटलीत ब्रिंडिसीला वळलं. तेव्हा १८७५ च्या पाकिटावर मार्सेल्स दिसलं तर तिथे थांबा आणि बाकीचं दुप्पट बारकाईनं बघा.

आता पाकीट उलटं करा, माझ्या मते खरी मजा मागेच असते. १८६८ पासून बोटीवरच सॉर्टिंग सुरू झालं, त्याला सी पोस्ट ऑफिस म्हणायचे, आधी सुवेझपर्यंत आणि मग एडनपर्यंत. टपाल खात्याची माणसं बोटीवर बसून पत्रांची गावानुसार वाटणी करायची, त्यामुळे बोट मुंबईला लागली की थैल्या थेट रेल्वेवर. म्हणून लंडनहून पुण्याला आलेल्या १८८० च्या पत्रामागे लंडनचा, सी पोस्ट ऑफिसचा आणि पुण्याचा असे तीन शिक्के ओळीनं मिळाले पाहिजेत, आणि सी पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यात तारखेसोबत एक अक्षर असतं, ते त्या तुकडीचं. तारखा पुढेमागे होत असतील तर गडबड आहे. अजून खात्री हवी तर त्या वेळच्या वर्तमानपत्रातलं जहाजांचं सदर बघा, टाइम्स ऑफ इंडिया, १८६१ च्या आधी बॉम्बे टाइम्स. टपालाच्या बोटीनंच साहेबलोक यायचे-जायचे, त्यामुळे बोट कधी आली आणि तिच्यात कोण होतं ते छापलेलं असायचं.

पैशांचा हिशोब. हिंदुस्थान १ जुलै १८७६ ला आंतरराष्ट्रीय टपाल संघात आला. १८८६ ला साडेचार आण्याचं तिकीट निघालं, ते विलायतेच्या पत्रासाठी. १ जानेवारी १८९१ पासून दर अडीच आणे झाला, त्या वेळी त्याच साडेचारच्या तिकिटांवर अडीच आणे छापून काम भागवलं. आणि २५ डिसेंबर १८९८ पासून ब्रिटनला एक आणा, अर्ध्या औंसाला. साम्राज्याबाहेरच्या देशांना मात्र अडीचच.

समजा तुमच्यासमोर १८९५ चं मुंबई-लंडन पाकीट आहे आणि त्यावर एकच आणा लावलाय. दीड आणा कमी. तेव्हा त्यावर ‘टी’ अक्षराचा शिक्का, म्हणजे पैसे कमी पडल्याची खूण, हवा, आणि नियम असा की कमी पडलेल्या रकमेची दुप्पट वसूल करायची, म्हणजे तीन आणे, लंडनला ३ पेन्स, तो आकडाही कुठेतरी असला पाहिजे. यातलं काहीच नसेल तर एकच सुटका, सैनिकाचं पत्र. त्यांना सवलतीचा दर होता, १८७४ चं ९ पैचं तिकीट त्यांच्यासाठीच निघालं, पण त्यासाठी पाकिटावर कमांडिंग ऑफिसरची सही लागायची. सही नाही, टी नाही, आणि तरी एक आणा? मग ते तिकीट नंतर कोणीतरी चिकटवलंय.

हिंदुस्थानी तिकिटावर नुसता १२४ हा आकडा दिसला तर घाबरू नका, तो एडनचा शिक्का. एडन मुंबई इलाख्यातच होतं.

‘बुडालेल्या बोटीतून वाचलेलं पत्र’ असं सांगून जास्त पैसे मागणारे भेटतात. पी अँड ओची ‘कर्नाटिक’ सप्टेंबर १८६९ ला तांबड्या समुद्रात खडकावर आपटून बुडाली, ३१ माणसं गेली. ती सुवेझहून मुंबईला येत होती! त्यामुळे मुंबईहून लंडनला जाणारं पत्र तिच्यात असणं शक्यच नाही. पाण्याचे डाग तर चहाच्या कपानंही पडतात.

ऑनलाइन घेताना मागच्या बाजूचा स्वच्छ फोटो मागायचाच, तो द्यायला टाळाटाळ झाली तर सोडून द्या. घेतलंत तर तिकीट पाण्यात घालून सोडवू नका, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच, आणि नोंद करायची ती वेगळ्या कागदावर पेन्सिलनं.