व्हॉल्व्हची बॉडी कशाची आहे, ते आधी बघा: लायसन्स रिन्युअलच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या अणुवीज प्लांट्सच्या लायसन्स रिन्युअलचं काम मी बरीच वर्षं करतेय, त्यातही मुख्यतः जुने व्हॉल्व्ह आणि पाइपिंग. मेकॅनिकल किंवा मेटलर्जी करून इकडे येऊ बघणारी आपली मुलंमुली अधूनमधून विचारतात की काय वाचू, कुठलं सर्टिफिकेट घेऊ, न्यूक्लिअरची डिग्री नाही तर चालेल का. चालेल. मेटलर्जी, थोडं फ्लुइड्स आणि फिल्डवर हात काळे करायची तयारी एवढं असेल तर बाकीचं शिकता येतं. ४० वर्षांचं मूळ लायसन्स, मग २० वर्षांची वाढ (हेच रिन्युअल), त्या वाढीचे नियम म्हणजे पार्ट ५४, आणि कुठला भाग कसा झिजतो व तो कसा सांभाळायचा याचं सरकारी मार्गदर्शन म्हणजे गॉल रिपोर्ट, एवढं ध्यानात ठेवून पुढे वाचा.

एक गोष्ट मात्र डोक्यातून काढून टाका. ४० हा आकडा पाइप किती टिकेल यावरून आलेला नाही. १९५४ च्या कायद्यात तो आर्थिक आणि स्पर्धेच्या कारणांनी ठरला. त्यामुळे ४० व्या वर्षी अचानक काही होतं असं नाही, आणि ३० व्या वर्षी सगळं ठणठणीत असतं असंही नाही. आपलं काम एवढंच की पुढची २० वर्षं हा भाग आपलं काम करत राहील हे कुठल्या आधारावर म्हणतोय, ते दाखवायचं. २००० साली कॅल्व्हर्ट क्लिफ्सला पहिलं रिन्युअल मिळालं, आता ८० वर्षांपर्यंतची लायसन्स दिली जातात, आणि ह्या प्रश्नाचं उत्तर दरवेळी नव्याने द्यावं लागतं.

आता व्हॉल्व्ह. नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात हमखास म्हणतो, अहो ह्या व्हॉल्व्हची तर दर तीन महिन्यांनी टेस्ट होते, उघडतो, बंद होतो, वेळेत स्ट्रोक होतो, मग अजून काय बघायचं? बरोबर आहे, पण ते हलणाऱ्या भागांचं झालं. डिस्क, स्टेम, अ‍ॅक्च्युएटर ह्यांची काळजी मेंटेनन्स रूल नावाचा वेगळा नियम घेतो. पार्ट ५४ मध्ये आपल्या वाट्याला येते ती बॉडी आणि बॉनेट (बॉडीवरचं झाकण), म्हणजे जे हलत नाही, कुणी बदलत नाही, आणि फक्त प्रेशर धरून उभं असतं. स्ट्रोक टेस्ट पास झाली म्हणजे बॉडीची भिंत शाबूत आहे असा अर्थ होत नाही. हे सगळ्यांना पटकन समजतं, म्हणून यावर जास्त बोलत नाही.

जिथे मी स्वतः अडकले आणि जिथे माझ्या नंतर आलेली चांगली चांगली हुशार मंडळीही अडकताना बघितली, तो सापळा वेगळा आहे, तो आहे डेटाबेसमधला 'मटेरियल' नावाचा कॉलम. हे मी जरा पाल्हाळ लावून सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

काम असं चालतं की प्रत्येक भागासाठी एक ओळ बनते: मटेरियल काय, आतलं आणि बाहेरचं वातावरण काय, त्यातून झीज कुठल्या प्रकारची होऊ शकते, आणि ती कुठल्या प्रोग्रामने पकडणार. पहिला शब्द चुकला की पुढचे तिन्ही आपोआप चुकतात, आणि टेबल दिसायला मात्र अगदी स्वच्छ दिसतं! मी फायर वॉटर सिस्टिमचं, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या यंत्रणेचं टेबल करत होते, डेटाबेसमध्ये ओळीने 'स्टील, स्टील, स्टील' होतं, क्लास १५० (प्रेशर सोसायचा वर्ग) लिहिलेलं होतं, आणि मी ते तसंच उचललं. नंतर वॉकडाऊनला, म्हणजे प्लांटमध्ये फिरून प्रत्यक्ष बघायला गेलो तेव्हा सोबतच्या जुन्या पाइपफिटरने एका गेट व्हॉल्व्हवर टॉर्च मारला आणि म्हणाला, हा तुझा स्टीलचा नाही. बॉडीवर रंगाचे चार थर, त्याखाली ओतीव अक्षरांत १२५ उठून दिसत होतं. फ्लॅंजचा, म्हणजे पाइपला बोल्टने जोडायच्या कडेचा चेहरा सपाट होता, स्टीलच्या व्हॉल्व्हला असतो तसा मधला उंचवटा नव्हता.

१२५ हा ग्रे कास्ट आयर्नचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा क्लास. १५० बहुधा स्टीलचा. आता गंमत नाही, धोका बघा: क्लास १२५ च्या कास्ट आयर्न फ्लॅंजची बोल्टची भोकं आणि क्लास १५० च्या स्टील फ्लॅंजची भोकं एकाच मापावर येतात. म्हणजे कधीतरी कुणीतरी एकाच्या जागी दुसरा बसवला तर तो बिनबोभाट बसतो, पाणी गळत नाही, टेस्ट पास होते, आणि कागदावर जुनीच ओळ राहते. ४० वर्षांत असं कितीदा होऊ शकतं याचा विचार करा.

पण मग फरक काय पडतो? ग्रे कास्ट आयर्न सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत राहिलं की त्यातलं लोखंड हळूहळू निघून जातं आणि ग्रॅफाइटचा सांगाडा जागच्या जागी उभा राहतो. सिलेक्टिव्ह लीचिंग म्हणतात ते हेच. आकार तोच, बाहेरचं माप तेच, रंगसुद्धा शाबूत, वाळवी लागलेल्या वाशासारखं. कार्बन स्टीलची भिंत झिजली की ती पातळ होते आणि जाडीचं मीटर ते सांगतं. इथे भिंत पातळ होतच नाही, ताकद जाते. त्यामुळे अल्ट्रासॉनिक जाडीचा आकडा हातात धरून 'ओके' म्हणाल तर त्या 'ओके'ला काही अर्थ नाही. पाणी काढून आतला पृष्ठभाग उघडा करावा लागतो, खरवडून बघावं लागतं, कडकपणा तपासावा लागतो. खराब झालेला थर खरवडला की काळा, मऊ, पेन्सिलच्या शिशासारखा निघतो, एकदा बोटाला लागला की विसरत नाही. जास्त जस्ताचं पितळ आणि जास्त अ‍ॅल्युमिनियमचं ब्राँझ ह्यांनाही हाच रोग होतो, तेही यादीत शोधा.

याचा दुसरा फटका सॅम्पलिंगमध्ये बसतो आणि तो कुणी नवख्याला सांगत नाही. वन-टाइम इन्स्पेक्शनसारख्या प्रोग्राममध्ये सगळे भाग तपासत नाहीत, एकच मटेरियल, एकच वातावरण आणि एकच प्रकारची झीज असलेल्यांचा एक गट करतात आणि त्यातले २० टक्के, पण जास्तीत जास्त २५ नग, तपासतात. समजा गटात १२० व्हॉल्व्ह आहेत, तुम्ही २४ तपासले, सगळे छान निघाले. पण त्या १२० पैकी न तपासलेले १५ मुळात कास्ट आयर्नचे होते आणि ते वेगळ्या गटात हवे होते. तुमचे २४ चांगले निकाल त्या १५ बद्दल काहीच सांगत नाहीत. त्या १५ ना पुढची २० वर्षं कुणीही योग्य पद्धतीने बघणार नाही, आणि कागदावर मात्र 'तपासलं' असं लिहिलेलं राहील. रात्री झोप उडवणारी गोष्ट आहे ही, निदान माझी तरी उडते.

म्हणून कृपा करून वॉकडाऊन स्वतः करा. फोटोवर भागवू नका. बॉडीवरची ओतीव अक्षरं वाचा: डब्ल्यूसीबी म्हणजे कार्बन स्टीलची कास्टिंग, सीएफ८एम म्हणजे स्टेनलेसची, ए-१२६ हे कास्ट आयर्नचं स्पेसिफिकेशन. रंगाने भरलेलं असेल तर परवानगी घेऊन साफ करून घ्या. खरेदीची जुनी कागदपत्रं, व्हॉल्व्हचं ड्रॉइंग आणि डोळ्याने दिसलेलं, तिन्ही जुळलं तरच ओळ पक्की. आणि शेजारच्या प्लांटचं मंजूर झालेलं टेबल उचलून नावं बदलायचा जो शॉर्टकट काही लोक शिकवतात ना, त्याच्या मी ठाम विरोधात आहे. जुने अर्ज वाचावेत, मांडणी शिकायला ते सोन्यासारखे आहेत, पण त्यांचे व्हॉल्व्ह तुमच्या प्लांटमध्ये बसवलेले नाहीत.

पाइपिंगकडे येते. फ्लो-अ‍ॅक्सिलरेटेड कोरोजन, सगळे फॅकच म्हणतात, म्हणजे वाहत्या पाण्याने किंवा ओल्या वाफेने कार्बन स्टीलची भिंत आतून झिजणं, हा विषय मन लावून शिका. ९ डिसेंबर १९८६ ला व्हर्जिनियातल्या सरी प्लांटच्या युनिट २ मध्ये फीडवॉटरचा (वाफ बनवायला जाणाऱ्या पाण्याचा) १८ इंची कार्बन स्टीलचा एल्बो फुटला, ४ कामगार गेले. अर्ध्या इंचाची भिंत काही ठिकाणी एक सोळांश इंचावर आली होती. तोपर्यंत लोक मुख्यतः ओल्या वाफेच्या लाइन बघायचे, साध्या पाण्याच्या लाइनकडे फारसं लक्ष नव्हतं. २००४ च्या ऑगस्टमध्ये जपानच्या मिहामा ३ मध्ये ओरिफिसच्या (पाइपमधल्या भोकाच्या चकतीच्या) पुढचा पाइप फुटला, ५ जण गेले, १० मिलिमीटरची भिंत दीड मिलिमीटरच्या आत आली होती. तो पाइप १९७६ पासून एकदाही तपासला नव्हता, कारण तो तपासणीच्या यादीतच नव्हता. मोजमाप कुणाचं चुकलं नव्हतं हो, ओळच नव्हती.

त्याच सरी प्लांटला मे २०२१ मध्ये ८० वर्षांपर्यंतचं लायसन्स मिळालं. हे मी मुद्दाम सांगते, कारण नुसत्या अपघातांच्या गोष्टी ऐकून मुलं घाबरतात. रोग समजला, यादी नीट ठेवली, पाण्याची केमिस्ट्री सांभाळली, वाईट तुकडे क्रोम-मोलीने (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलने) बदलले तर जुना प्लांट चांगला चालतो. क्रोमियम अगदी थोडं असलं तरी ही झीज बरीच कमी होते. फक्त एक ध्यानात ठेवा, नवा क्रोम-मोलीचा तुकडा बसवला की त्याच्या लगेच पुढे उरलेल्या जुन्या कार्बन स्टीलची झीज वाढू शकते, म्हणून वेल्डच्या पुढची बाजू यादीत टाका. व्हॉल्व्ह, ओरिफिस, टी, रिड्यूसर, एल्बो, जिथे प्रवाह ढवळतो त्याच्या पुढचा तुकडा आधी बघायचा.

मोजणीबद्दल थोडक्यात. मोजायच्या बिंदूंची ग्रिड पाइपवर पक्की मार्क करा म्हणजे पुढच्या आउटेजला (इंधन आणि दुरुस्तीसाठी प्लांट बंद असतो तेव्हा) तोच बिंदू सापडेल. पाइप गरम असेल आणि कॅलिब्रेशन थंड ब्लॉकवर केलं असेल तर जाडी खऱ्यापेक्षा जास्त दिसते, दर ५५ अंश सेल्सिअसला साधारण १ टक्का, आणि ही चूक नेमकी धोक्याच्या बाजूची आहे. नॉमिनल जाडी ही सुरुवातीची जाडी धरू नका, मिलमधून पाइप साडेबारा टक्के कमी जाडीचा आला तरी तो नियमात बसतो. बेसलाइन नसेल तर तसं स्पष्ट लिहा, अंदाजाने भरू नका.

बोरिक अ‍ॅसिड वापरणाऱ्या प्लांटमध्ये व्हॉल्व्हच्या पॅकिंगपाशी किंवा बॉनेटच्या जोडावर पांढरी साय दिसली की पुसून पुढे जाऊ नका. ती तांबूस-तपकिरी असेल तर खाली कुठेतरी स्टील खाल्लं जातंय, बोल्ट बघा. २००२ मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसीला रिअ‍ॅक्टर व्हेसलच्या हेडमध्ये (वरच्या झाकणात) अ‍ॅसिडने आतल्या स्टेनलेस अस्तरापर्यंत खड्डा पाडला होता, आणि गंजाच्या रंगाचा साका त्याआधीच लोकांच्या डोळ्यांसमोर होता.

आउटेजचं सांगायचं तर इन्सुलेशन काढणं आणि स्कॅफोल्डिंग यांच्या विनंत्या खूप आधी द्या. ज्या दिवशी तुम्ही प्रोब घेऊन पोचता त्या दिवशी मचाण नसेल तर तुमची तपासणी पुढच्या आउटेजला ढकलली जाते, म्हणजे दीड-दोन वर्षं. आणि दुसऱ्या कारणाने कुठलाही व्हॉल्व्ह उघडणार असतील तर मेंटेनन्स प्लॅनरला सांगून ठेवा की बंद करण्याआधी मला बोलवा. अशी फुकट मिळालेली संधी सोडू नये. मी तर प्लॅनरशी मैत्री ही कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा मोठी मानते.

मेंटरबद्दल माझं मत काहींना आवडणार नाही. नुसतं रेग्युलेशन पाठ असलेला माणूस मेंटर म्हणून धरू नका. पाइपफिटर, वेल्डर, जुना यूटी (अल्ट्रासॉनिक तपासणी) लेव्हल टू, यांच्यापैकी एक जण धरा, जो तुमचा आकडा बघून म्हणेल की परत घे, मला पटत नाही. कायदा वाचून कळतो, पण रंगाखालचं कास्ट आयर्न ओळखायला कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. आणि असा माणूस रागावला तर वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या वेळी पण त्यालाच सोबत न्या.

एनआरसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या अणुवीज नियामक संस्थेच्या इन्स्पेक्टरची नवख्यांना उगाच भीती वाटते. ते तिच्या रिजनल ऑफिसमधून येतात, टेबलातल्या काही ओळी निवडतात, त्या जागेवर जाऊन बघतात आणि विचारतात की हे तुम्हाला कशावरून माहीत. 'डेटाबेसवरून' हे उत्तर पुरत नाही. 'मी बघितलं, बॉडीवर हे मार्किंग आहे, हे खरेदीचं रेकॉर्ड, हा फोटो' असं म्हटलं की विषय पाच मिनिटांत संपतो. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा आणि शोधून द्या, याने कुणाची नोकरी जात नाही. टेबल आणि प्रत्यक्ष जागा जुळत नाही असं तुम्हालाच आधी सापडलं तर लगेच कंडिशन रिपोर्ट (प्लांटमधली त्रुटीची अधिकृत नोंद) टाका, क्षुल्लक वाटलं तरी टाका. वरिष्ठ तोंड वाकडं करतील, अर्ज जायची तारीख जवळ असेल तर जरा जास्तच करतील, तरी टाका.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी आधी पार्ट ५४ मधली ५४.४ आणि ५४.२१ ही दोन कलमं वाचावीत, मग कुठल्याही एका प्लांटच्या जाहीर अर्जातली फायर वॉटरची टेबलं उघडावीत, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह बॉडीच्या ओळीपुढे लिहावं की ह्याचं मटेरियल मी प्रत्यक्ष जागेवर कसं पक्कं करेन. जिथे लिहिता येणार नाही तिथपासून प्रश्न विचारायला लागा, मला विचारलंत तरी चालेल.