आशीर्वचनानंतरचे वर्ष : एका गल्लीसाठी मंडळीने सेवाकार्य कसे आखावे

रविवारच्या उपासनेच्या शेवटी चर्चचे पाळकसाहेब दोन्ही हात उंचावून बायबलमधील गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील आशीर्वचन उच्चारतात, मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, मान लववून 'आमेन' म्हणते आणि पाच मिनिटांत आवारातल्या दुचाक्या सुरू होतात. त्या पाच मिनिटांनंतर आशीर्वादाचे काय करायचे, असा प्रश्न ज्या तरुण संघाला, महिला मंडळाला किंवा चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांना पडला असेल, त्यांच्यासाठी ही मांडणी आहे. ती सोलापूर डोळ्यांसमोर ठेवून केली आहे आणि तिची व्याप्ती मुद्दाम लहान ठेवली आहे : एक गल्ली आणि एक वर्ष.

कामाला लागण्यापूर्वी दोन शब्द नीट समजून घ्यावेत. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात देव अब्राहामाला आशीर्वाद देतो तो त्याच्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळांना आशीर्वाद मिळावा म्हणून. आशीर्वाद पुढे देण्यासाठीच मिळतो, हे तिथेच ठरून जाते. नव्या करारात त्यासाठी जो ग्रीक शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ 'चांगले बोलणे' असा आहे. दुसरा शब्द रूपांतराचा. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल मनाच्या नवीकरणाने रूपांतर होऊ द्या असे सांगतो, तेव्हा तो अनेकवचनात बोलतो, विश्वासणाऱ्यांशी बोलतो आणि चालू राहणाऱ्या क्रियेविषयी बोलतो. म्हणजे ज्यांचे रूपांतर व्हायचे त्यांच्या यादीत पहिले नाव मंडळीचेच आहे. बहुतेक सेवाकार्याच्या योजना इथेच चुकतात, कारण त्यांत बदलणारे नेहमी 'ते' असतात आणि बदल घडवणारे 'आपण'.

१९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या ख्रिस्ती सुवार्तिकांच्या जागतिक परिषदेने सुवार्ताप्रसार आणि सामाजिक जबाबदारी ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्ये असल्याचे मान्य केले. त्यानंतर १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हीटन येथे जमलेल्यांनी 'विकास' या शब्दापेक्षा 'रूपांतर' हा शब्द पसंत केला, कारण विकास म्हटले की श्रीमंत देशांनी आखलेल्या वाटेनेच इतरांनी चालायचे, असा अर्थ त्यात डोकावत होता. आपल्या पातळीवरही तो डोकावतो. सोलापुरातल्या नई जिंदगी किंवा विडी घरकुल या वस्त्यांतल्या माणसाने आपल्यासारखे व्हावे, असे आपल्याला मनातून वाटत असते.

म्हणून पहिल्या महिन्यात कोठेही जाऊ नये. केवळ आपल्या बोलण्याकडे लक्ष द्यावे. मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी केलेल्या, प्रार्थनेत ज्या वस्तीचा उल्लेख होतो तो कसा होतो, हे एकाने चार रविवार वहीत टिपून ठेवावे. 'व्यसनात बुडालेले', 'अंधारात चाचपडणारे' अशीच विशेषणे पुन्हापुन्हा येत असतील, तर आशीर्वादाची सुरुवात तिथल्या दुरुस्तीपासून होते. ज्यांच्याविषयी आपण पाठीमागे चांगले बोलू शकत नाही, त्यांना समोर जाऊन आशीर्वाद देणे हा देखावाच ठरतो. (याच वहीत पंचांच्या सभेतील जातीविषयीची कुजबुजही टिपली, तर वही लवकर भरेल, असा माझा अनुभव आहे.)

दुसऱ्या महिन्यात गल्ली निवडावी. चर्चपासून पायी जाता येईल इतकी ती जवळ असावी आणि मंडळीतील निदान एका कुटुंबाची तिथे आधीपासून ओळख असावी. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांत बोलली जाते. निवडलेल्या गल्लीत तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची कुटुंबे जास्त असतील, तर तेलुगू येणारी एक व्यक्ती गटात असलीच पाहिजे. विचारपूस मराठीत चालते, पण दुखणे माणूस आपल्या भाषेत सांगतो. शहराच्या बऱ्याच भागांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते. पाण्याच्या दिवशी भेटीला जाऊ नये, गेलेच तर घागर उचलू लागावे.

ऐकण्यासाठी तीन महिने द्यावेत. हा काळ लांब वाटतो, पण तो कमी करू नये. आमच्या मंडळीने तो एकदा वगळला होता. नाताळच्या आधी आम्ही वर्गणी काढली, पूर्व भागातल्या एका गल्लीत चाळीस चादरी वाटल्या आणि छायाचित्रेही काढली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हातात आलेली चादर उलटी केली, काठावरून अंगठा फिरवला, जेकार्ड मागावर विणलेली नक्षी उजेडात धरून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "ही आमच्या पोराच्या मागावरची आहे. त्याची मजुरी तेवढी थकली आहे." ज्या शहराच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तिथल्या विणकरांच्या दारात आम्ही चादरी घेऊन उभे होतो. थकलेल्या मजुरीबद्दल आम्ही कोणालाही विचारले नव्हते, आणि त्यांनी सांगितल्यावर त्यावर आम्हाला काही बोलताही आले नाही.

ऐकायचे म्हणजे प्रश्नावली घेऊन जायचे नाही. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली असते, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूपाने बाजूला असतात, पत्र्याच्या साच्यावर पान ठेवून ती कात्रीने कापते, चिमूटभर तंबाखू घालून वळते, दोऱ्याने बांधते आणि तोंड मुडपते. हजार विड्यांचा हिशेब पुरा होईपर्यंत तिचे हात थांबत नाहीत. तिच्याशी बोलायचे असेल तर शेजारी जमिनीवर बसावे आणि तिच्या हाताच्या गतीने बोलावे. अर्ध्या तासात ती स्वतःच सांगू लागते : कारखान्यात विड्या तपासताना किती बाद केल्या, पान कमी आले म्हणून पदरचे पैसे घालून किती विकत घ्यावे लागले, विडी कामगाराच्या ओळखपत्राचा अर्ज कुठे अडला आहे, मुलीची शाळा का सुटली. यांपैकी जी अडचण तीन-चार घरांतून पुन्हापुन्हा ऐकू येईल, तीच वर्षाचे काम म्हणून घ्यावी. ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधीची नोंद किंवा मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज यांसारखी कामे किरकोळ दिसतात, परंतु त्यांसाठी एक दिवस बाहेर पडणे म्हणजे त्या बाईची एका दिवसाची मजुरी बुडणे असते. मंडळीतील निवृत्त कारकून, शिक्षक आणि बँकेत नोकरी केलेले सभासद इथे खरोखर उपयोगी पडतात. उपदेश करण्याची सवय असलेल्यांनी मात्र सुरुवातीला मागे राहिलेले बरे.

पैसा शक्यतो आपल्यातूनच उभा करावा. हंगामाच्या सणात, म्हणजे चर्चमधील पिकांच्या उपकारस्तुतीच्या दिवशी, ज्वारीची कणसे, कोंबडी, भोपळा यांचा जो लिलाव होतो, त्याचा ठरावीक वाटा या कामासाठी आधीच जाहीर करावा. हिशेब दोन सह्यांनी ठेवावा आणि तो गल्लीतील दोन माणसांनाही दाखवावा. रोख मदत टाळावी. दवाखान्यासारख्या अडचणीत ती द्यावीच लागली, तर देणाऱ्या व्यक्तीच्या नावे नव्हे, मंडळीच्या नावे द्यावी.

आता नाजूक भाग. प्रार्थना करावी का? करावी, पण घरच्यांना विचारून. "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" असे विचारल्यावर 'नको' हे उत्तर आले, तर त्याच सुरात पुढचे बोलणे चालू ठेवता आले पाहिजे. प्रार्थना लहान असावी आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टीपुरती असावी. तिच्यात आडून उपदेश नसावा. येशूने शिष्यांना पाठवताना घरात शिरल्यावर आधी 'ह्या घरास शांती असो' असे म्हणायला सांगितले. ती शांती स्वीकारणारा तिथे नसेल तर ती तुमच्याकडे परत येईल, असेही तो म्हणतो. नकाराची जागा त्या आज्ञेतच ठेवलेली आहे. कोणी आपणहून विश्वासाबद्दल विचारले तर मोकळेपणाने सांगावे. लपवणे हाही अप्रामाणिकपणाच आहे. मात्र अर्ज भरून देणारा आणि विश्वासाबद्दल बोलणारा शक्यतो वेगवेगळे असावेत आणि दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत होऊ नयेत. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने दिलेले धर्मस्वातंत्र्य आपल्याला जितके आहे, तितकेच समोरच्यालाही आहे. मदतीच्या ओझ्याखाली दिलेला होकार त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीचा होकार नसतो.

सोलापूरकरांना याचा इशारा लांब शोधावा लागत नाही. 'सेटलमेंट' हे एका जुन्या कुंपणबंद वसाहतीचे नाव आजही शहरात रोजच्या बोलण्यात आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि त्यांना तारेच्या कुंपणात हजेरी देत राहायला लावले. देशातील अशा काही वसाहतींचा कारभार मिशनांकडे सोपवलेला होता. तिथे शाळा होत्या, उद्योग होते, काही माणसे मनापासून झटलीही. पण कुंपणाचे दार आतून उघडत नव्हते. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. सुधारणा आणि सक्ती एका छपराखाली आल्या की आशीर्वादाचा अर्थ कसा उलटतो, हे गटातील प्रत्येकाने काम सुरू होण्यापूर्वी त्या भागातील एखाद्या वृद्धाकडून ऐकून घ्यावे.

दुसरे उदाहरण पुण्याच्या गाडीत बसले की वाटेत लागते. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना आसरा दिला, तसेच त्यांच्या हाताला कामही दिले. रमाबाईंचे बायबलचे भाषांतर तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातून छापले गेले. ज्यांना मदत मिळाली त्याच पुढे देणाऱ्या झाल्या. आपल्या कामातही सहाव्या महिन्यापासून ही पायरी यावी. ज्या बाईचे ओळखपत्र झाले, तिने शेजारणीला अर्ज कसा भरायचा ते दाखवावे आणि आपल्या माणसाने शेजारी नुसते बसावे. हे सोपे नाही. उपयोगी पडण्याची सवय लागलेल्या माणसाला बाजूला बसणे जड जाते.

वर्षाअखेरीचा आढावा चर्चमध्ये न घेता गल्लीत, एखाद्या ओट्यावर घ्यावा आणि आधी तिथल्या लोकांना बोलू द्यावे. काय झाले, काय राहिले, आमचे कोणते वागणे खटकले, असे सरळ विचारावे. किती अर्ज मार्गी लागले आणि किती मुली शाळेत परतल्या, याची नोंद ठेवावीच. त्याच्याच खाली मंडळीविषयीची नोंद लिहावी : या वर्षात त्या गल्लीतील कोणाच्या घरी आपण जेवलो, त्यांच्यापैकी कोणाला आपल्या घरच्या लग्नाचे निमंत्रण गेले, पहिल्या महिन्यातील वहीतले कोणते विशेषण आता आपल्या प्रार्थनेत येत नाही. ही दुसरी नोंद कोरी राहिली, तर पुढच्या वर्षी दुसरी गल्ली घेऊ नये. त्याच गल्लीत, पाण्याचा दिवस सोडून, पुन्हा जावे.